मुख्य आचाऱ्यास विनंतीपत्र

४ मार्च, सकाळी ९
आजाराचे नाव कळले : सिलिअ‍ॅक. गव्हाचा कण पोटात गेला की आतडे बंड करते. चौऱ्याहत्तर वर्षे गव्हाने माझ्याशी मैत्रीचे नाटक केले, असा याचा अर्थ. आजपासून गहू वर्ज्य. अडतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. ज्याने लक्षावधी पानांतून चुका वेचल्या, त्यास ताटातील गहू सापडणार नाही काय?

बिस्किटांसंबंधी खुलासा : वाचनालयातील पाच वाजताच्या चहात मी दोन बिस्किटे बुडवतो. ती विरघळतात. विरघळलेला पदार्थ हे पेय होय. पेयांवर डॉक्टरांनी बंदी घातलेली नाही. (विचारले नाही, आवश्यकता वाटली नाही.)

५ मार्च
नात दोन वर्षांसाठी परदेशी शिकायला निघाली आहे. २८ तारखेस नदीकाठच्या रेस्टॉरंटात दुपारी निरोपाचे जेवण. मुलीने अट घातली की बाबा, आधी तिथे दोनदा जेवून दाखवा, पोट दुखलं नाही तरच या; मागच्या वेळेसारखं सगळ्यांनी ताटं सोडून तुमच्यामागे धावायचं नाही. मागच्या वेळी एकटे जावई धावले होते. अतिशयोक्ती हा तिचा जुना दोष. नातीने मात्र शेजारची खुर्ची माझीच, असे सर्वांना बजावले आहे. ती खुर्ची मी मिळवणारच.

७ मार्च
'मुख्य आचाऱ्यास विनंतीपत्र' सिद्ध झाले. पृष्ठे दोन, कलमे अकरा. नात म्हणाली, अहो आजोबा, गहू चालत नाही एवढंच लिहा की! चौथ्या कलमापर्यंत त्यालाच भूक लागेल. एका ओळीत निरोप देता येतो, नियम करता येत नाही, असे मी तिला समजावले. ती हसत सुटली. वय लहान आहे.

११ मार्च
पहिली चाचणी. वेटर पत्र घेऊन आत गेला आणि बाहेर येऊन विचारू लागला की साहेब, आमच्यावर केस केलीय का? मागोमाग आचारी स्वतः आला. दांडगा गडी, हातांवर भाजल्याचे डाग. म्हणाला, काका, एवढं कशाला लिहायचं? तुमचा तवा वेगळा, चमचा वेगळा, निश्चिंत जेवा. मासा, उकडलेले बटाटे. उत्कृष्ट.

पाच वाजता नेहमीचा चहा. सात वाजता पोटात कळा. (एरवीच्या कळा वयाच्या; या रेस्टॉरंटच्या.)

निष्कर्ष : तोंडी आश्वासनावर विसंबलो, ही माझी एकमेव चूक.

१८ मार्च, दुपारी
दुसरी चाचणी. या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आचारी म्हणाला, दारात कशाला, आतच या. तव्याच्या दांड्याला त्याने लाल फडके बांधले होते. कोणी हात लावला तर हात तोडीन, असे मदतनिसांना बजावलेही. माणूस खरा वाटला. जेवण मात्र थोडे कमी पडले.

त्याच दिवशी, सायंकाळी ७.१०
कळा! माझ्या डोळ्यांदेखत फसवणूक! लाल फडके हा निव्वळ देखावा. मालकास चार पानी तक्रार लिहून तत्काळ पाठवली. आपले मुद्रित आपण तपासू नये, आपली चूक आपल्या डोळ्यांस दिसत नाही, हा छापखान्याचा पहिला नियम; म्हणून नक्कल आणि पंधरवड्याची आहारनोंद नातीकडे तपासण्यास दिली. आधी तपासून मग पाठवायची असते, हे मान्य. परंतु राग शिळा झाल्यावर त्याला धार राहत नाही.

१९ मार्च
नातीने एकच शंका काढली : रोज पाच वाजता नुसता चहा? नुसताच, असे मी उत्तरलो. पेयाची व्याख्या तिला सांगत बसलो नाही.

२० मार्च
ती परस्पर वाचनालयात गेली. दहा वर्षे जिच्याकडे चहा पितो, त्या चहावाल्या बाईंनी विचारताक्षणी सर्व ओकून टाकले : आजोबा ना? दोन बिस्किटं ठरलेली. परवा तीन घेतली, म्हणाले हॉटेलात पोट भरलं नाही.

घरचा भेदी, दुसरे काय! नात रागावली नाही. हसलीही नाही. माझ्या आहारनोंदीत पाचच्या चहापुढे तिने लाल शाईने काकपद काढले आणि वही परत दिली. ही खूण मीच तिला शिकवली होती : येथे काही गळले आहे.

२३ मार्च
बिस्किटांचे नातीने रेस्टॉरंटच्या मालकाला सांगितले. त्याने फोनवरून मुलीला कळवले की तक्रार वाचून आम्ही आमच्या आचाऱ्याला चारचौघांत बोललो, तो निर्दोष निघाला. टेबल तुमचंच आहे, पण ते आजोबा नकोत. मी क्षमापत्र लिहिण्याची तयारी दर्शवली. मुलगी म्हणाली, बाबा, आता एक अक्षर लिहू नका.

२८ मार्च, दुपारी ३.३०
घरी एकटा होतो. नात जेवणानंतर थेट इकडे आली. माझी खुर्ची तिने रिकामी ठेवली होती म्हणे. वेटर हलवू लागला तेव्हा तिच्यावर स्वतःची पर्स ठेवली. सोबत एक डबा आणला. आचाऱ्याने न मागता दिलेला. झाकणावर त्याच्या हातची चिठ्ठी : 'काका, गहू नाही. तवा तोच.'

एका ओळीत सर्व आले होते. दुरुस्ती सुचली नाही. नात शेजारी बसून राहिली. डबा संपवला.

सायंकाळी ५. चहा, नुसता.
७.०० कळ नाही.
७.३० कळ नाही.
८.०० अजूनही वाट पाहत आहे. माझ्याच पोटाने आचाऱ्याच्या बाजूने साक्ष दिली.