काजळीचा अंदाज

॥ श्री ॥
काळाचौकी, मुंबई
ता. ४ डिसेंबर १९५५

ति. दुर्गाताईस,
हेरंबचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली कोकमाची सोलं पोचली. आप्पांनी पिशवी हुंगली आणि म्हणाले, वेंगुर्लंच आलं घरात.

कारखान्यात मला नवं काम दिलंय. डिझेल इंजिन किती काजळी ओकतं, त्याचा अंदाज काढायचा. धूर नळीने पांढऱ्या गाळणकागदातून ओढायचा, डागाचा काळेपणा तक्त्याशी ताडायचा, कागद आधी आणि नंतर तोलायचा. रिकामं इंजिन कागद नुसता राखाडी करतं. पूर्ण भार घातला की डांबर! साहेबांना रिकाम्याचाच आकडा हवाय. पण चाचणीच्या शेडमध्ये आप्पा आणि शेजारचे भिवाकाका दिवसभर उभे असतात, ते भार घातलेल्या इंजिनापाशी. आप्पांचा खोकला वाढलाय.

मी खरा आकडा देणार म्हटलं, तर आप्पा म्हणाले, दे बाबा, पण शेडला कुलूप लागलं तर भिवाची पोरं काय धूर खातील?

तू पोटुशी आहेस, विहिरीवर जाऊ नकोस. जाशील आणि आप्पांची बोलणी मी खाईन.

माया आहेच, वाढती ठेव.
तुझा हेरंब


॥ श्री ॥
वेंगुर्ले
ता. १३ डिसेंबर १९५५

चि. हेरंबास,
ताईचे अ. उ. आ.

फाउंटनच्या गोळीबाराचं वाचल्यापासून जिवाला घोर आहे. आप्पा सभांना जातात का? संयुक्त महाराष्ट्र व्हायलाच हवा, पण एवढ्या खोकल्यात घोषणा कशाला द्यायच्या, असं माझ्या नावाने सांग.

आकडा खरा तोच दे. साहेब काही राक्षस नव्हेत. पंखे बसवतील, धुराडं उंच करतील. कुलूप कशाला लावतील?

मी विहिरीवर जात नाही. सासूबाईच जाऊ देत नाहीत, तेव्हा तुझी बोलणी वाचली.

जपून रहा, आठवण ठेव.
तुझी ताई


काळाचौकी
ता. २७ जानेवारी १९५६

ताई,

तारेत मावलं नाही ते लिहितो.

आकडा दिला. पंखे बसवण्यापेक्षा शेड बंद करणं स्वस्त, असं वर ठरलं. कुलूप लागलं. आप्पा आणि भिवाकाका घरी बसले. काकांनी आमच्याकडे बोलणं टाकलं. गॅलरीत आप्पा दिसले की आत जात.

मग मुंबई पेटली. संचारबंदीत एका सकाळी आप्पांचा श्वास अडकला. डॉक्टर यायला धजेना, गाडी मिळेना. मी दारात नुसता उभा होतो. भिवाकाका आले, त्यांनी सरळ आप्पांना पाठुंगळी घेतलं. मी पुढे पांढरा पंचा हलवत चाललो. नाक्यावर बंदुका रोखल्या, तेव्हा काका हवालदारावर ओरडले की हा मोर्चा नाही, म्हातारा माणूस आहे.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, बाकावरच आप्पा गेले. बाहेर आलो तर काका पायरीवर बसले होते, आप्पांच्या वहाणा मांडीवर घेऊन.

हेरंब


वेंगुर्ले
ता. १६ फेब्रुवारी १९५६

चि. हेरंबास आशीर्वाद.

मुलगी झाली. डोळे आप्पांचे आहेत. तिला बघून हसू येतं आणि तेवढ्यात कढ येतो.

पंखे बसवतील असं मला खरंच वाटलं होतं रे. माणसं इतकी का दगड होतात?

जेवत जा. भिवाकाकांच्या घरी चूल पेटते ना, तेवढं बघ.

तुझीच
ताई


॥ श्री ॥
काळाचौकी
ता. १८ मार्च १९५६

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

बाळाला अनेक आशीर्वाद. तिचं नाव काय ठेवलंत?

साहेबांनी पुन्हा चाचणी करायला सांगितली, इंजिन रिकामं ठेवून. म्हणजे आकडा घटेल आणि शेड उघडेल. भिवाकाकांच्या कानावर ते गेलं होतं. तरी आकडा कमी दे असं त्यांनी मला म्हटलं नाही. मी भार घालूनच चाचणी केली. आकडा तोच आला, तोच दिला. शेड बंदच राहिली.

काल काका बिऱ्हाड हलवून गावी गेले. ट्रंका उचलायला मी भाऊच्या धक्क्यावर गेलो होतो. तिथल्या मोकळ्या वाऱ्यातही त्यांना ढास लागली. रुमालावर काळं पडलं. पोरांना घेऊन उभ्या चंपाकाकूंना दिसू नये म्हणून त्यांनी तो झटकन खिशात कोंबला.

बोटीत चढताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तुझं शिक्षण या धुरातलं आहे म्हणून विचारतो. गावची हवा आतलं सगळं धुऊन काढेल ना रे?

मी हो म्हटलं. ताई, त्याचा अंदाज कसा काढतात, ते मला ठाऊक नाही.

तुझा
हेरंब