यंत्राच्या मते वय बारा

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र कागदावर का, हे आधी सांगते, नाहीतर तू पाकीट उलटसुलट करून कोण आजारी आहे ते शोधत बसशील. कोणी आजारी नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून तुझे कान आता फोनला दाद देत नाहीत, हे एक कारण. दुसरं पुढे येतंय. उत्तर घरी पाठवू नकोस. खालच्या पेटीतलं टपाल दादाच वर आणतो. मागे लिहिलेला पत्ता आमच्या वजनकाटे तपासणी कार्यालयाचा आहे.

माझा जुना लॅपटॉप मोडायला आला. दादाने नवा आणला. चार दिवस स्वतःजवळ ठेवून, सगळं लावून, ३१ मेला लाल फीत बांधून माझ्या टेबलावर ठेवला. वहिनीने टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले, आणि मनापासून मानले.

मग तो उघडला. आमच्या कार्यालयात एक पद्धत आहे. तपासणीला आलेल्या काट्याला हात लावण्याआधी तो कसा सापडला ते लिहायचं. कागदावर दोन रकाने असतात, 'सापडला तेव्हा' आणि 'सोडला तेव्हा'. पहिला भरल्याशिवाय कुणी स्क्रू सैल केला तर आमचे साहेब त्याला दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवतात. सवयीने मी लॅपटॉपचाही पहिला रकाना भरला.

दुकानातून येताना जी सिस्टीम होती तीच आहे. मालक म्हणून दादाचं नाव आहे. मी त्याच्या 'कुटुंब' गटातली सदस्य. मी काय उघडलं आणि किती वेळ, याचा अहवाल दर रविवारी सकाळी त्याच्या फोनवर जातो. संध्याकाळी आठला स्क्रीन आपोआप बंद होते. ही सोय फक्त लहान मुलांसाठी असल्यामुळे त्याने माझी जन्मतारीख बदलली आहे. मी सत्तावीस वर्षांची आहे, यंत्राच्या मते बारा. शिवाय माझ्या मेलमध्ये या लॅपटॉपवरून पहिला प्रवेश २७ मेचा दिसतो. तेव्हा तो माझ्या हातातही नव्हता. जुन्यावरचं सगळं दादानेच नव्यावर उतरवलं, त्यातलंच ते असेल. माझा फोनही त्याच गटात आहे.

आता प्रश्न. ही सिस्टीम ठेवायची की पुसायची? पुसून दुसरी, फुकट मिळणारी टाकायला मला एक पेन ड्राइव्ह आणि पाऊण तास लागेल. पण पहिल्याच रविवारी दादाला कळेल. तो ओरडणार नाही. तो जेवायचा थांबेल. ठेवली तर वेगळी अडचण आहे, ती फक्त तुला सांगते. एका मोठ्या मापन प्रयोगशाळेत मी अर्ज केलाय. इथून पूर्ण दिवसाचा प्रवास. मुलाखतीचं बोलावणं मेअखेर यायचं होतं, अजून आलं नाही. येईल तेव्हा ते त्याच्या आधी मला दिसायला हवं.

तुझं मत कळव. सल्ला दिलास तरी चालेल, मी तो मोजून घेईन.

तुझी,
मोजपट्टी


९ जून

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पाकीट उलटसुलट केलंच. जन्मभराची खोड एका ओळीने जात नसते.

बारा वर्षांची झालीस हे बरं झालं. आता चष्मा काढ, दोन वेण्या घाल, आणि दादाला दूध आणायला सांग. चेष्टा सोडून लिहायचं तर मला हसू आलं नाही. तुला घरात कुणी लहान म्हटलं की तू एक इंच उंच व्हायचीस, ते मी पाहिलंय.

ऐकण्याच्या बाबतीत या घरात माझ्याइतकं कुणी शिकलेलं नाही. फोन जोडून द्यायच्या आमच्या बोर्डापाशी मागे पर्यवेक्षक बाई असायच्या. मधेच आमच्या लाइनवर यायच्या. त्या आल्या की आवाज जरासा उतरायचा, दिवा थोडा मंद झाल्यासारखा. आम्हाला ते कळायचं. मग आम्ही गोड बोलायचो. त्या खूश, आम्ही मोकळ्या. झाकली मूठ उघडण्यात काय हशील?

म्हणून माझं म्हणणं असं, की आहे ते राहू दे. दादा वाईट नाही. दिवसभर तो विम्याचे दावे तपासतो, मोडक्या गाड्या आणि जळक्या घरांचे फोटो बघतो. संध्याकाळी घरी येऊन माणसं मोजणारच. तू त्याला जे दाखवायचं ते दाखव आणि बाकीचं मागे ठेव. एका यंत्रात दोन कप्पे होत नाहीत का? तुम्ही शिकलेल्या मुली, बघा काही जमतं का.

प्रयोगशाळेचं कळलं की लगेच लिही. इथली माया पाठवते, तपासून घे, कमी भरणार नाही.

तुझी आत्या


२० जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन कप्पे होतात. गेल्या आठवड्यात केले. मूळची सिस्टीम आहे तशी ठेवली, डिस्कचा तिसरा हिस्सा वेगळा काढून त्यावर दुसरी टाकली. लॅपटॉप सुरू करताना एक कळ दाबली की दुसऱ्या दारातून आत जाता येतं. तिथे मालक मी, वय खरं. मला वाटलं, सुटले.

रविवारी दादाला अहवाल गेला. सहा दिवस, शून्य मिनिटं. दुसऱ्या कप्प्यातलं काहीच त्याला दिसत नाही, म्हणजे मी लॅपटॉपला हातच लावला नाही असं त्याला दिसलं. जेवताना त्याने विचारलं, आवडला नाही का. रंग आवडला नाही का. दुकानात परत नेऊन बदलून आणू का. तो खरंच दुखावला होता. आणि दुकानात नेला असता तर दुसरं दार तिथेच उघडलं असतं.

तेव्हापासून रोज सहाला मी पहिल्या कप्प्यात बसते आणि बारा वर्षांची होते. कागदाच्या डब्या कशा घडी घालून करायच्या याचे व्हिडिओ लावून ठेवते. कधी बावन्न मिनिटं, कधी छप्पन्न. रोज बरोबर साठ दिली तर तो ओळखेल, आमच्याकडे एकसारखे आकडे आले की आम्ही पहिल्यांदा कागदावरच संशय घेतो. माझं स्वतःचं काम सातनंतर सुरू होतं. दुसऱ्या कप्प्याला आठची मर्यादा नाही, पण माझ्या खोलीच्या दाराला काच आहे, उजेड बाहेर दिसतो. आठला स्क्रीन बंद व्हायला हवी, म्हणून आठला मीच ती बंद करते. तू सांगितलेल्या दोन कप्प्यांत मी दोनदा कोंडली गेलेय. तुला दोष देत नाही, मोजमाप कळवते.

आणखी एक. परवा वहिनी इस्त्रीचे कपडे ठेवायला आली आणि तिने दुसऱ्या कप्प्याची स्क्रीन पाहिली. दार लावून गेली. काल भाजी निवडताना तिने सहज विचारलं, की तुझं वय किती लावलंय. मी सांगितलं. ती म्हणाली, तिचं अकरा आहे, तेव्हा तिने मला ताई म्हणायला हवं. मग दोघी हसलो. ती छत्तीस वर्षांची आहे, शाळेचं अख्खं ग्रंथालय सांभाळते.

प्रयोगशाळेकडून काहीच नाही. मी दोनदा मेल चाळला. त्यांची जागा १५ जुलैला भरणार आहे. मला बोलावण्यासारखं त्यांना काही वाटलं नसेल. अर्जात चूक नव्हती, मी तीनदा तपासला होता.

तुझी,
मोजपट्टी (वय दिवसातली पंचावन्न मिनिटं बारा)


२४ जून

तीर्थरूप आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, रागावू नकोस. इकडे सर्व ठीक. हिचं ग्रंथालयाचं काम वाढलंय. छोटीचं काम चालू आहे.

तिच्याबद्दलच लिहितोय. मेअखेर मी तिचा नवा लॅपटॉप लावत होतो, तेव्हा तिच्या नावे एक मेल समोर आला. शोधून पाहिला नाही, समोर आला. लांबच्या कुठल्या प्रयोगशाळेत मुलाखतीचं बोलावणं होतं. तिथे आपलं कुणी नाही. मी तिच्या वतीने नम्र शब्दांत नकार कळवला आणि मेल काढून टाकला. चूक केली असं वाटत नाही. पण तेव्हापासून तिच्याशी बोलताना नजर तिच्या चष्म्यावर जाते, डोळ्यांवर जात नाही.

आत्या, तू सगळं पाहिलंस. बाबा गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मी तेवीसचा. शाळेतून यायला तिला दहा मिनिटं उशीर झाला की मी चपला न घालता कोपऱ्यापर्यंत जायचो. त्या वर्षी ती बोलायची नाही, नुसत्या कागदाच्या डब्या करत बसायची. गंमत म्हणजे हल्ली ती पुन्हा तेच व्हिडिओ बघते. लॅपटॉपच्या अहवालात मला दिसतं. मला किती बरं वाटलं ते तुला कसं सांगू. इतकी वर्षं कोरडी वागणारी पोर, आत अजून तीच आहे.

तुझं ती ऐकते. इथल्याच कार्यालयात कायम हो, एवढं तिच्या कानावर घाल. मेलचं मात्र सांगू नकोस. वेळ आली की मीच सांगेन.

प्रकृतीला जप. कानाचं यंत्र वापरत जा, पेटीत ठेवायला नाही दिलं.

तुझा,
दादा


२८ जून

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझ्या दादाचं पत्र आलंय. ते तसंच्या तसं सोबत घातलंय. तुला सांगू नकोस असं त्यात लिहिलंय, ते वाचूनच घातलंय.

आधी ते वाच. पाणी पी. मग पुढचं वाच.

वाचलंस? आता माझं ऐक. मी सव्वीस वर्षांची असताना माझी मोठ्या एक्स्चेंजमध्ये बदली मंजूर झाली होती. बढती होती. तो कागद घरी आला आणि तुझ्या बाबांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने, माझी तब्येत बरी नसते असं लिहून परत पाठवला. मला कळलं नऊ वर्षांनी, कार्यालयातल्या जुन्या फाइलीत. अक्षर ओळखीचं होतं. मी ती फाइल होती तिथे ठेवली. त्यांना कधी विचारलं नाही. ते फार मायाळू होते, तुला माहीतच आहे. ते गेले तेव्हा मी रडले, तेही खोटं नव्हतं.

तुला मागच्या पत्रात शहाणपणा शिकवला तो हाच. गोड बोला, मोकळ्या राहा. मोकळी कुठे राहिले मी? बोर्डासमोरच्या खुर्चीवर तीस वर्षं बसून दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या. माझा सल्ला परत घेते.

जागा पंधराला भरणार आहेत ना. आज तारीख काय आहे ते तुला सांगायची गरज नाही.

तुझी आत्या


१० जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावरून प्रयोगशाळेला फोन केला. तिथल्या बाईंनी माझा नकार मला वाचून दाखवला. भाषा फार नम्र होती, माझी नव्हती. नकार मी लिहिलेला नाही एवढंच सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. १२ तारखेला प्रत्यक्ष या, म्हणाल्या. उद्या सकाळी निघते. साहेबांनी तीन दिवस दिलेत.

दादाला मी त्याच संध्याकाळी एका वाक्यात सांगितलं, की मेलचं मला कळलंय आणि मी मुलाखतीला जाणार आहे. त्याने कुणी सांगितलं ते विचारलं. मी तुझं नाव घेतलं नाही. तरी त्याला ते कळलं. मग रस्ता किती लांब आहे, गाडी कुठे बदलावी लागते, तिथे रात्री स्टेशनबाहेर दिवे नसतात, हे तो बराच वेळ सांगत राहिला. सगळं खरं होतं. त्याने वेळापत्रक पाठ केलं होतं.

त्यानंतर मी पेन ड्राइव्ह घेऊन लॅपटॉपसमोर बसले. पाऊण तासात सगळं पुसता आलं असतं. नाही पुसलं. मी माझा दुसरा कप्पाच काढून टाकला आणि दुकानातून आलेली सिस्टीम ठेवली. यंत्रात बिघाड नाही, त्याला जे सांगितलं तेच ते मोजतंय. शून्य चुकीच्या जागी लावलेला काटा आम्ही भंगारात टाकत नाही, आणि लपवतही नाही. शून्य जागेवर आणतो. मी सेटिंगमध्ये गेले आणि माझी खरी जन्मतारीख लिहिली.

स्क्रीनवर आलं, की ही विनंती तुमच्या पालकांकडे मंजुरीसाठी पाठवली आहे.

दादा समोर जेवायला बसला होता. त्याचा फोन वाजला. त्याने वाचलं, फोन ताटाशेजारी पालथा ठेवला, आणि जेवायचा थांबला. वहिनी आणि मी जेवलो. मी पूर्ण ताट संपवलं. मंजूर होईपर्यंत रोज आठला त्याला आठवण जाते. आज सहावा दिवस. तिसऱ्या दिवसापासून आठवणी दोन येतात. वहिनीनेही तिची तारीख पाठवली. त्याने तिला विचारलं, तुला किती वर्षांचं व्हायचंय. ती म्हणाली, छत्तीस, एकही कमी नको.

तो फोन उचलतो, बघतो, ठेवतो. नाहीही म्हणत नाही. काल मी पाणी प्यायला उठले तर तो माझ्या एका कागदाच्या डबीचं झाकण उघडून बसला होता. आत काही नसतं, त्याला माहीत आहे.

मी मुलाखत देऊन परत याच घरात येणार, याच काचेच्या दाराच्या खोलीत. निवड झाली नाही तर त्यापुढेही. म्हणून मी सुटले असं लिहीत नाही. लॅपटॉप नेत नाही. तो जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवलाय, त्यावर आमच्या कार्यालयाचा छापील कागद, माझ्या सहीचा. नक्कल तुझ्यासाठी उतरवते:

सापडला तेव्हा: वापरणारी, वय बारा.
सोडला तेव्हा: वापरणारी, वय सत्तावीस.
शेरा: मालकाची मंजुरी बाकी.

पुढचं पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मी कळवेपर्यंत थांब. तोवर तुझी माया आहे तिथेच असू दे, मला जागा माहीत आहे.

तुझी,
मोजपट्टी