गिरजाबाईच्या दारातली हलगी

मंगळवार, संध्याकाळ

बातमी पाठवून झाली, पण हलगी कानातून जात नाही.

राज्य सरकारनं पालिकेला कळवलंय, आधी घरपट्टी वसूल करा, मग अनुदान मागा. म्हणून आजपासून थकबाकीदारांच्या दारात हलगी. पहिलंच घर गिरजाबाईचं. जन्मभर याच पालिकेचे रस्ते झाडले तिनं. तिची पेन्शन थकलीय, कारण अनुदान आलेलं नाही. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही? की आलं, आणि तरीही?

ती शांतपणे म्हणाली, "साहेब, माझ्या थकलेल्या पेन्शनीतूनच कापून घ्या की, उरलेली मला द्या. लातूरला डोळ्याचं ऑपरेशन अडून राहिलंय."

वसुलीचे साहेब म्हणाले, "मावशी, पेन्शन वरून येती, घरपट्टी खालून जाती. दोन्हीचं खातं अलग हाय."

हलगी चालूच. मयतालाही हीच वाजते. शेजारीण धावत आली. "कोण गेलं वं?"

"अजून न्हाई," गिरजाबाई म्हणाली. मग साहेबांकडं वळली. "अनुदान आलं की आधी मला देताल न्हवं?"

साहेब मोबाइलवर तिच्या दाराचा फोटो काढत होते.

"आधी हलगीवाल्याचं बिल, मावशी."