सुनेच्या आईसाठी फो

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काल इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या माझ्या स्वयंपाकघरात तू मला चमचा तोंडाला लावू दिला नाहीस. त्याचा संताप आलाय म्हणून लिहितेय. सुनेच्या आईला जाऊन काल वर्ष झालं. सून व्हिएतनामी आहे हे तुला ठाऊक नाही, ते बरंच आहे. त्यांच्यातही आपल्यासारखंच वर्षश्राद्ध असतं. गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे त्याच्या आवडीचं जेवण मांडायचं, उदबत्ती लावायची, मग घरच्यांनी जेवायचं. तिच्या आईला फो आवडायचं, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि त्यावर तासन्‌तास उकळलेला मसाल्याचा रस्सा. कोंबडीचा. हो, कोंबडीचा, आणि माझ्याच पातेल्यात. ओरडून घे.

सून आठवडाभर सर्दीने बेजार, तिला ना वास ना चव. त्यामुळे ती स्टुलावर बसून सांगत होती आणि मी करत होते. कांदा आणि आलं गॅसवर काळं होईपर्यंत भाजलं. चक्रीफूल, दालचिनी, धणे कोरडेच परतून पुरचुंडीत बांधले. रश्श्यावरचा फेस काढत राहिले. दुपारी ती म्हणते, "आई, नाउ टेस्ट इट. मीठ, फिश सॉस, ओके आहे का?" ती मलाही आईच म्हणते.

"चाखायचं नाही. आधी त्यांना दाखवायचं."

"मग कळणार कसं?"

"वासावरून."

"आई, यू आर जोकिंग!"

कसला जोक? मी लहान आहे, आजोबांचं श्राद्ध आहे, मी खिरीत बोट बुडवून चाटते आणि तू मागून पाहतेस. "पितरांच्या आधी जीभ लावलीस?" पातेलंभर खीर तू गाईपुढे ओतलीस आणि भर उन्हात पुन्हा दूध आणवलंस. त्याच दिवशी तुझ्या आमटीत मीठ नव्हतं. गुरुजींनी ती ताकाबरोबर घशाखाली ढकलली आणि कुणी ब्र काढला नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर प्रश्न विचारू द्यायच्या नाहीत, घरी तू चाखू द्यायची नाहीस. पितरांना अळणी चालतं हे ठरवलं कुणी गं?

इकडे सुनेचे डोळे भरून आले. "माझ्या आईपुढे पांचट रस्सा ठेवला ना, तर ती तिथूनसुद्धा मला बोलेल," ती इंग्रजीत म्हणाली. "शी वॉज जस्ट लाइक यू."

हे ऐकून घेतलं आणि डाव भरून प्यायले. नुसतं गरम पाणी! फिश सॉस ओतला, खडीसाखर टाकली, पुन्हा चाखलं, आणखी मीठ घातलं, परत चाखलं. मग मात्र असा जमला की मी विनाकारण आणखी एकदा चाखला. वाडगा फोटोपुढे ठेवला. सून बराच वेळ हात जोडून उभी होती, आणि तिच्या आईने काही तक्रार केल्याचं दिसलं नाही.

जेवताना तिने विचारलं, "तुमच्या आईला काय आवडायचं? तिच्या दिवशी आपण ते करू." मी चॉपस्टिकच्या काड्यांनी शेवया ढवळत राहिले. तू सगळ्यांना वाढून उरलंसुरलं जेवायचीस. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तुला बोलायचं असायचं, सिस्टरांच्या मोज्यांवरसुद्धा, आणि नेमकं हे एक सांगायला तुला कधी तोंड उघडता आलं नाही? मुलीला आईची आवड माहीत नाही, हे मी सुनेपुढे कसं कबूल करायचं? "अळूची भाजी," म्हणून मोकळी झाले. म्हटलं, इथे कुठलं आलंय अळू.

"टॅरो लीव्ह्ज? आमच्या व्हिएतनामी दुकानात मिळतात, आई!" असं म्हणून तिने तुझी तारीख फोनमध्ये टाकलीसुद्धा.

तेव्हा आता दर वर्षी तुझ्यापुढे अळूची भाजी येणार आहे. निमूट खा. आवडते ती मला.