पाळणाघराला कुलूप पडू नये म्हणून

मी, तुळसाबाई, रेल्वे गार्ड कै. कृष्णराव उमाठे यांची विधवा, वय एकसष्ट, राहणार चरोदा, यार्डाच्या पलीकडची वस्ती, तालुका दुर्ग, हे माझे शेवटचे इच्छापत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे आहे, जिना चढवत नाही. डोके मात्र जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही. अक्षर वाकडे आहे, कारण शाळा चौथीपर्यंतच झाली. अर्थ सरळ आहे. तो तसाच घ्यावा.

कलम १. माझ्या एकटीच्या नावावर एकच स्थावर आहे: चरोद्याचे दोन खोल्या, ओसरी आणि विहीर असलेले कवेलूच्या छपराचे घर. यजमान एकावन्न साली विषमज्वराने गेले. त्यानंतर पापड लाटून आणि बाळंतपणे करून मी ते बांधले. हे घर मी ‘श्रमिक माता पाळणाघर समिती’ला देत आहे. पाळणाघर १९६४ पासून याच ओसरीत भरते. यंदा वरून नवीन नियम आला आहे की ज्या संस्थेची स्वतःची जागा नाही तिची मान्यता वर्षअखेरीस जाईल. हे घर दिल्याने ती अट पुरी होते. पण उद्या कोणी म्हणाले की अनुदान हवे तर घर सरकारी खात्याच्या नावावर करा, तर अनुदान सोडावे, घर सोडू नये.

कलम २. माझा मुलगा बाबाराव दुर्ग स्टेशनात पार्सल क्लार्क आहे. त्याला हे पसंत नाही. मागच्या रविवारी येथेच बसून तो म्हणाला, “आई, मले काय? माह्या लेकरायनं कुठं जावं?” मी म्हटले, “तुले क्वार्टर आहे, पेन्शन आहे, अन् तुह्या लेकरायले बाप आहे.” तो न जेवता गेला. बाबाराव, काटोलकडच्या सामाईक शेतातला माझ्या वाटणीचा तुकडा तुझा. तुझ्या वडिलांची शिट्टी आणि हिरवा-तांबडा कंदील तुझा. माझी पाटली सूनबाईची. घर मात्र माझे नव्हते असे समज. ते का, ते पुढे लिहिले आहे. तुला मी ते तोंडाने कधी सांगू शकले नाही.

कलम ३. अठ्ठावन्न साली इथल्या नव्या पोलाद कारखान्याच्या पायाचे काम जोरात होते. हजारो मजूर बाया, इकडे त्यांना रेजा म्हणतात, डोक्यावर माती आणि गिट्टीची खडी वाहत. पोरे ढिगाऱ्याच्या सावलीत फडक्यावर टाकलेली असत. मी एका बाळंतिणीला पाहायला मजुरांच्या कॅम्पात गेले तेव्हा एका पोराच्या तोंडावर मुंग्या पाहिल्या. दुसऱ्या आठवड्यात राधाबाई आणि मी मिळून ठेकेदाराच्या एका रिकाम्या टिनाच्या शेडमध्ये सात मुले सांभाळायला घेतली. राधाबाई गँगमनची विधवा. स्वयंपाकात हात चांगला, बोलण्यात कडू. पहिले वर्ष सरकारचे काही नव्हते. प्रत्येक आई रोज मूठभर तांदूळ आणायची, चरोद्याच्या रेल्वेच्या बायका जुनी लुगडी द्यायच्या, त्यांच्या झोळ्या व्हायच्या. मुले जगत होती.

मग समिती झाली. कारखान्यातले लेखनिक देवीदास ठवरे सचिव झाले. त्यांना इंग्रजी येत असे. त्यांनी अर्ज केला आणि अनुदान आले. लाकडी पाळणे आले, दुधाची भुकटी आली, वजनकाटा आला. फॉर्मात एक अट होती की मातांकडून काही घेऊ नये. आम्ही मूठभर तांदूळ घेणे बंद केले. पुढे चरोद्याच्या बायकाही येईनाशा झाल्या, कारण आता पगारी माणसे होती. तीन वर्षांत आम्ही विसरलो की आम्ही आपल्या पायांवर उभे राहिलो होतो. हा दोष मी समितीचा धरत नाही. माझाही धरते.

कलम ४. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

१९६२ च्या डिसेंबरात, चौदा तारखेला, खात्याचे पत्र आले. शनिवारी दुपारी देवीदासांच्या घरी आम्ही पाच जण बसलो. त्यांनी वाचून सांगितले की आणीबाणीमुळे कॅम्पातल्या तात्पुरत्या केंद्रांचे अनुदान थांबले आहे. मी विचारले, “मंग उद्यापासून काय?” ते म्हणाले, “बाई, जवान तिकडं बर्फात उभे हायेत, अन् आपण दुधाच्या डब्यासाठी भांडून राहिलो असं दिसन. कोणी वर लिहून देल्लं तर माही नोकरी जाईन. सामान सरकारी आहे. बंद करून टाकू.” सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. सामान माझ्या ताब्यात होते, म्हणून कुलूप मीच लावले.

सोमवारी सकाळी सात वाजता बाया आल्या. चौतीस मुले होती. त्यांना कोणी काही कळवले नव्हते. मी दाराशी उभी राहून सांगितले. बऱ्याच जणी परत फिरल्या. त्यांना सरकारचे नाव ऐकून परत फिरायची सवय होती. भागीरथा नावाची रेजा थांबली. अहिवाऱ्याकडची, वीस-एकवीस वर्षांची. कडेवर अकरा महिन्यांची सुकवारो. ती म्हणाली, “दीदी, आज भर राख ले. आज ढलाई हे.” म्हणजे आजचा दिवस तरी ठेव. ढलाईच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या दिवशी कामावरून हलता येत नाही, आणि खाडा केला तर नाव कटते.

मी म्हटले, “सरकारचं पत्र आलं. माह्या हातात नाही.”

चावी माझ्या कमरेला होती.

दुपारी बारा वाजता राधाबाई ओरडत आली. गिट्टीच्या ढिगाआड सावलीत भागीरथाने पोरीला निजवले होते. पलीकडून ट्रक रिकामा झाला आणि ढीग अलीकडे घसरला. बायांनी हातांनी उपसले. मी पोचले तेव्हा भागीरथा पोरीला घेऊन कामावरून निघाली होती. ती घरी गेली नाही, दवाखान्यात गेली नाही. ती पाळणाघराच्या दाराशी येऊन बसली. का, ते मी कधी विचारले नाही. मी कुलूप काढले, ते पुन्हा लावले नाही. सकाळी जे उघडले नाही, ते दुपारी उघडले. पोरीला तिच्या रोजच्या पाळण्यात ठेवले. केसांत गिट्टीची पांढरी पूड होती. ती राधाबाईने पदराने पुसली.

त्या दिवसापासून बारा वाजता मुले निजली की मी ती मोजते. रोज एक जास्त भरते. दुसऱ्यांदा मोजले की बरोबर येते. राधाबाईला हे ठाऊक आहे. ती म्हणते, “बाई, एकदाच मोजत जा.” मी एकदा मोजून थांबू शकत नाही. एखादे दिवशी पहिल्याच मोजणीत बरोबर आले तर मला बरे वाटत नाही. कोणीतरी रागावून गेले असे वाटते.

कलम ५. आठ दिवसांनी मी ते पत्र देवीदासांकडून मागून घेतले आणि शाळामास्तर अरुणकुमार यांना वाचायला दिले. पत्राला दोन पाने होती. दुसऱ्या पानावर लिहिले होते की चालू केंद्रांना एकतीस मार्चपर्यंत रक्कम मिळेल, आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी तीस दिवसांत अर्ज करावा. मी देवीदासांच्या दारात उभी राहून विचारले, “दुसरं पान?” त्यांचा चेहरा उतरला. “पान उलटलंच नाही मी, बाई,” ते म्हणाले. “पहिलंच वाचून हातपाय गार झाले.”

मी त्यांच्याशी चार वर्षे बोलले नाही. पान त्यांनी उलटले नाही, पण “उलटा” असे मीही म्हटले नाही. या चार वर्षांत त्यांनी समिती सोडली नाही. प्रत्येक अर्ज, प्रत्येक उत्तर त्यांनी लिहिले आणि माझ्या ओट्यावर दगडाखाली ठेवून गेले. खात्याकडून येणारा प्रत्येक कागद ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, कोरी पाठही पाहतात. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. देवीदास ठवरे यांनी करावी. दुसऱ्या कोणावर माझा इतका भरवसा नाही. ही गोष्ट त्यांना हा कागद वाचतानाच कळेल. देवीदास, मी जिवंतपणी बोलले असते तर बरे झाले असते.

कलम ६. भागीरथा दुसऱ्याच दिवशी गावी गेली होती. फेब्रुवारीत मी अहिवाऱ्यापर्यंत गेले आणि पुढे चालत तिचे गाव गाठले. ती शेतात लाखोडीची भाजी खुडत होती. मला पाहून उठली नाही. मी बांधावर बसले. ओटी भाजीने भरल्यावर तिने विचारले, “तैं तारा काबर लगाए, दीदी?” कुलूप का लावलेस?

रस्ताभर मी उत्तरे जमवली होती. आणीबाणी, खाते, ठराव. तोंडातून निघाले, “भ्याले.”

“काखर डर?” कोणाला भ्यालीस?

“कागदाले.”

तिने माझ्याकडे पाहिले. ती रागावली असती तर मी सहन केले असते. तिला ते खरोखरच कळले नव्हते. तिने विहिरीचे पाणी आणून दिले. मी यजमानांनी केलेली चांदीची साखळी पुढे केली, ती तिने घेतली नाही. निघताना मी म्हटले की पाळणाघराला सुकवारोचे नाव देऊ. ती म्हणाली, “मोर नोनी के नाव कोनो फाटक ऊपर झन लिखबे.” माझ्या पोरीचे नाव कुठल्या दारावर लिहू नको.

म्हणून या घरावर सुकवारोचे नाव लिहू नये. माझेही लिहू नये. साखळी मोडून विहिरीला नवा रहाट बसवावा.

कलम ७. पाळणाघर पुढे कसे चालवावे याबद्दल माझी इच्छा. इच्छा म्हणते, पण हुकूम समजावा. त्या डिसेंबरात आम्ही अर्ज तर केलाच, पण आधी बायांना कॅम्पातल्या कडुनिंबाखाली बसवून दोन्ही पाने त्यांच्या बोलीत सांगितली. एक म्हातारी रेजा म्हणाली, “एतका बात रहिस, त पहिली काबर नइ बताए?” एवढेच होते, तर आधी का नाही सांगितले? मूठभर तांदूळ पुन्हा सुरू झाले. फॉर्मातल्या अटीबद्दल देवीदासांनी खात्याला कळवले की माता हे आपल्या खुशीने आणतात. खात्याने हरकत घेतली नाही. तीन वर्षे आम्ही ज्या अटीला भ्यालो ती एका पत्राने सुटण्यासारखी होती. चरोद्याच्या बायकांना मी घरोघरी जाऊन परत बोलावले. चौसष्टमध्ये कॅम्पातली कामे संपली, बाया यार्डाच्या कामावर आल्या, तेव्हा पाळणे बैलगाडीत घालून आम्ही त्यांच्यामागे आलो. कॅम्पाबाहेर गेल्याने मान्यता काढू अशी सूचना आली. काढली नाही.

पासष्टच्या सप्टेंबरात पुन्हा लढाई झाली आणि पुन्हा पत्र आले. तीन पाने होती. त्या वेळी अनुदान खरेच बंद झाले, दहा महिने. पाळणाघर एक दिवसही बंद झाले नाही. दूध कमी झाले, पेज वाढली. पगारी बाईला अर्ध्यावर यावे लागले, ते तिला आधी विचारून केले. मुलांची वजने थोडी उतरली, हे मी लपवत नाही. सगळी मुले संध्याकाळी आईच्या कडेवर घरी गेली.

तर यापुढे: सरकारने दिले तर घ्यावे, हात जोडून घ्यावे, ते आपलेच आहे. पण सगळा स्वयंपाक त्या एका चुलीवर ठेवू नये. कोणताही कागद आला तर आधी पूर्ण वाचावा, मग आयांना सांगावा, मग समितीने बसावे. हा क्रम उलटा करू नये. काही कमी करावेच लागले तर दुधापासून सुरू करावे, दारापासून नाही.

कलम ८. राधाबाईला माझी पितळेची परात, दोन घोंगड्या आणि आतली खोली हयातभर राहायला. तिच्या बोलण्याचे कोणी मनावर घेऊ नये. त्या शनिवारी मी कुलूप लावताना तीच मला म्हणाली होती, “लावू नको वं बाई, मले बरं नाही वाटत.” मी तिला गप्प केले होते.

कलम ९. मी ज्या दिवशी मरेन त्या दिवशी पाळणाघराला सुट्टी देऊ नये. बाया कामावर जायच्या आत ते रोजच्यासारखे उघडावे. मला पुढच्या दाराने न नेता मागच्या बाजूने, विहिरीकडून न्यावे, म्हणजे लेकरांच्या येण्याजाण्याला अडथळा होणार नाही. राधाबाईने घाटावर येऊ नये. तिला रडायचे असेल तर मुले निजल्यावर रडावे, आणि हळू रडावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली. या कागदाला एकंदर सहा पाने आहेत.

ठिकाण: चरोदा
दिनांक: १२ फेब्रुवारी १९६७, रविवार

सही: तुळसाबाई कृष्णराव उमाठे

साक्षीदार, ज्यांनी बाईंना सही करताना पाहिले व बाईंच्या देखत स्वतः सही केली:

१. अरुणकुमार बोंद्रे, शाळाशिक्षक, चरोदा
२. चंपत झाडे, निवृत्त फायरमन, शेजारी. (मला लिहिता येत नाही. अंगठा दिला आहे. मास्तरांनी सहाही पाने पुन्हा वाचून दाखवली.)