न गिळलेला घोट

४ फेब्रुवारी

पाय गेले. खांदे गेले. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला ट्रकचे टायर – आणि ते नदीकाठच्या वाळूतून फरफटत न्यायचे! बर्फावर सामानाची स्लेज ओढायची म्हणून ही तालीम. पुलावरून एकानं ओरडून विचारलं, "काय गं पोरींनो, पंक्चर काढायला निघालात का?" टिचकीनं खालूनच उत्तर दिलं, "हो, तुमचं डोकं घेऊन या!" हसता हसता मी वाळूतच बसले.

टिचकी माझी जोडीदार. उंचीनं माझ्या खांद्याला लागते, जीभ मात्र माझ्या दुप्पट लांब. मी लंबू. आम्ही चौघी, म्हणजे दोन जोड्या. एप्रिलमध्ये निवड शिबिर. कुठकुठल्या देशांच्या मुली येणार आणि त्यांच्यातून बर्फावरच्या मोहिमेची तुकडी ठरणार. मला जायचंय. मला दुसरं काही सुचतच नाहीये!

कोचनं आज एक नियम सांगितला. थंडीत तहान कळत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर पाणी प्यायचंच. पण आपलं आपण सांगायचं नाही. जोडीदारानं बघायचं आणि मोठ्यानं ओरडायचं – "प्यायली!" कोच म्हणाली, "स्वतःबद्दल माणूस सहज थाप मारतं. दुसऱ्याबद्दल मारायला जरा जड जातं."

७ फेब्रुवारी

लिहू की नको? इथं नाही लिहिणार तर कुठं लिहिणार!

मला उघड्यावर जाता येत नाही. बाकीच्या तिघी टायरांच्या आडोशाला खुशाल बसतात. एकजण चादर धरते आणि गप्पा चालूच. आज मी गेले, बसले, आणि काही म्हणजे काही नाही. चादर धरून उभी असलेली टिचकी आधी शीळ घालत होती, मग तान्ह्या बाळाला करतात तसं "शूऽऽ शूऽऽ" करायला लागली मेली! मी उठले. "झालं," म्हटलं. झालं कुठलं! घरापर्यंत कशी आले ते माझं मला माहीत.

कोच म्हणते, "तिकडे झाड नाही, दगड नाही. लाज इथंच काढून ठेवा." काढून ठेवायला ती काय चप्पल आहे?

८ फेब्रुवारी

आईला आडून आडून विचारलं. ती दिवसभर बसमध्ये कंडक्टर, ती काय करते? म्हणाली, "ड्युटीवर मी पाणीच पीत नाही. प्यायलंच नाही तर प्रश्नच येत नाही." एवढं सोपं!

१५ फेब्रुवारी

जमलं. बाटली तोंडाला लावायची, ओठ घट्ट मिटायचे, घसा हलवायचा. मग पट्टा आवळायच्या निमित्तानं वाकून थोडं पाणी वाळूत ओतायचं. टिचकी ओरडते – "प्यायली!" मीही तिच्यासाठी ओरडते. ती खरंच पिते, घटाघटा, आणि ढेकरही देते.

लाज वाटते. पण त्या लाजेपेक्षा ही परवडली.

२० फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. कोच म्हणाली, "लंबू, ओढण्यात तुझा हात कुणी धरणार नाही." आनंद झाला. व्हायला नको होता.

२ मार्च

नीट लिहिते. जे झालं ते सगळं लिहिते.

आज लांबची ओढ होती. ऊन रणरणत होतं. दुपारनंतर टायर जागचे हलेनात. पुलाचा एक खांब दोन दिसायला लागला आणि एकदम वाळू तोंडाशी आली. शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यात होते, हाताला सलाईन. डॉक्टर कोचला सांगत होते, "हिच्या अंगात पाणीच नाही. सकाळपासून थेंब गेलेला दिसत नाही."

कोच टिचकीकडे वळली. "तू दर थांब्याला ओरडत होतीस. बघितलं होतंस?"

टिचकी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, अंगभर वाळू, आणि माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटून घेतले.

मग तिचा आवाज ऐकू आला, "नाही. माझं लक्ष नव्हतं."

"प्यायचं विसरणं हा गुन्हा नाही," कोच म्हणाली. "ओढण्याच्या नादात कुणीही विसरतं. त्यासाठीच तर जोडीदार. पण न बघता ओरडायचं? तिकडे असं केलंस तर माणूस जाईल!"

टिचकीला काढलं. तिथल्या तिथं. शिबिराला तिघीच जाणार.

मी जागी होते. टक्क जागी! जीभ जड झाली होती असं लिहिलं तर ती इथंही थापच होईल.

३ मार्च

टिचकी भेटायला आली. "कशी आहेस गं? काय घाबरवलंस!" असं म्हणत माझ्या केसांतली वाळू वेचत बसली. बिचारीला खरंच वाटतंय की तिचंच लक्ष नव्हतं. आणि मी तिला तसं वाटू देतेय. शी!

९ मार्च

आज सांगायचंच असं ठरवून कोचच्या खोलीवर गेले. ती जमिनीवर बसून दोर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "बोल."

"मॅडम… मोजे किती घ्यायचे?"

मोजे! मी मोज्यांबद्दल विचारलं! ती बिचारी सगळं समजावत बसली – आतले पातळ, वरचे लोकरी, झोपताना कोरडे. मी माना डोलावल्या. बाहेर येऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तेवढीही हिंमत नाही.

१४ मार्च

आईच्याच बसनं घरी आले. भरल्या बसमध्ये तिकिटं फाडता फाडता ती सगळ्यांना सांगत होती, "ती मागं बसलीय ना, ती माझी लेक. बर्फावर चाललीय. आजारी पडली, पण हटली नाही!" सगळ्या माना वळल्या. एका आजोबांनी तर टाळ्या वाजवल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बसमध्ये धरणीही नसते.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "तोंड का पाडलंयस? कौतुक पचत नाही का?" नाही पचत.

२२ मार्च

एक गंमत. म्हणजे गंमत नाहीच. हल्ली मी पाणी पिते आणि उघड्यावरही जाते. चादरसुद्धा लागत नाही. त्या लाजेचं आता काही वाटतच नाही. टिचकीचं सगळं घालवून मी हे शिकले.

२८ मार्च

उद्या निघायचं. संध्याकाळी टिचकी दारात. तिचे जाड हातमोजे माझ्या हातात कोंबले. "घे. मी काय वाळूत घालून फिरू?" म्हणाली, हसलीही. पण नेहमीसारखी बडबड नाही. जिन्यावर थांबून वळून बघितलं तिनं. मी "थँक्यू" म्हटलं.

घेतले मी ते हातमोजे! हात पुढं करून घेतले. माझ्यासारखी निर्लज्ज मीच.

५ एप्रिल

पोचलो, आम्ही तिघी आणि कोच. जिकडे बघावं तिकडे पांढरं. इथं सगळ्या देशांच्या मुलींची सरमिसळ करून जोड्या लावल्यात. माझ्या वाट्याला आलेली मुलगी फार लाजाळू आहे. कान लगेच लाल होतात. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. खुणांवर चाललंय. नियम मात्र तोच, पाण्याचा.

६ एप्रिल

आज पहिली ओढ. पहिल्याच थांब्यावर तिनं बाटली तोंडाला लावली. घसा हलला. ओठ मिटलेले होते. मग बुटाशी काहीतरी करायला म्हणून वाकली आणि बाटली तिरकी केली.

इतकं लख्ख दिसतं! हातभर अंतरावरून! शेजारचीला दिसणार नाही असं होऊच शकत नाही. पहिल्या दिवशी दिसणार, रोज दिसणार, प्रत्येक थांब्यावर दिसणार.

परीक्षक माझ्या ओरडण्याची वाट बघत होते. तीही माझ्याकडे बघत होती, कान लाल करून. मी "नाही" म्हणाले. ती रडकुंडीला आली. मी जॅकेट काढलं, दोन्ही हातांनी पसरलं आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. दात वाजत होते. बराच वेळ लागला तिला. मग तिनं अर्धी बाटली संपवली.

७ एप्रिल

फोन लागला. म्हटलं, "टिचके, तुला दिसत होतं ना?"

"पहिल्या दिवसापासून. सांगितलं असतं तर तुला काढलं असतं." मग म्हणाली, "दवाखान्यात तुझ्याकडेच बघत होते मी. वाटलं, आता बोलशील."

कोचकडे चालले आहे.