पार्वतीच्या गळ्यातले मणी

गुरुवार, नोव्हेंबर १९९७, राजाजीनगर

नुसती चिडचिड होतेय. मालिकेतली पार्वती आकाशातून उतरते, तिला ज्या काळ्या तारेने लटकवलंय ती तार मी नऊ दिवस बसून कॉम्प्युटरवर एकेका फ्रेममधून पुसली. दोनशे फ्रेम्स! आज आमचे कानडी दिग्दर्शक नागण्णा बघायला आले आणि मध्येच ओरडले, "अक्का, देवी का मंगलसूत्र किधर गया?"

गेलंच होतं. गळ्यापाशी तार आणि काळे मणी एकावर एक येत होते, तारेबरोबर मी मणीही पुसत गेले. साक्षात शंकराची बायको, आणि गळा मोकळा! वर म्हणतात, "तार दिखता तो चलता था." मग नऊ दिवस मी काय केलं? रविवारी भाग दाखवायचाय. आता तेच मणी परत एकेका फ्रेममध्ये रंगवायचे. मला इतके दिवस दिसलं कसं नाही?

तणतणत घरी आले, तर सासूबाईंची नजर थेट माझ्या गळ्यावर. माझं मंगळसूत्र स्टुडिओतल्या ड्रॉवरमध्ये. वाकून काम करताना टेबलावर घासतं, म्हणून रोज काढून ठेवते आणि निघताना घालते. आज रागात विसरले.

त्या काहीच बोलल्या नाहीत. नागण्णा निदान ओरडले तरी.